जाहिरात आवडली, पण कशाची होती? (टीव्हीवरच्या जाहिरातींची चिरफाड)

ओंकारेश्वर_घाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आमच्या घरचा टीव्ही आईच्या ताब्यात असतो आणि मी जेवता जेवता तिरक्या डोळ्यानं बघत असतो, त्यामुळे मालिका कुठवर आलीय ते मला कधीच माहीत नसतं पण जाहिराती सगळ्या पाठ. परवा एक लागली. नातू आजोबांना मोबाईल शिकवतोय, आजोबांना लांबच्या मित्राचा फोन येतो, डोळे भरून येतात, मागे पियानो. आई पदर डोळ्याला लावायच्या बेतात. संपल्यावर मी विचारलं, आई कशाची होती गं? म्हणाली, मोबाईलची. मी म्हणलं छे, विम्याची असणार. बायको आतनं ओरडली, अहो रंगाची, भिंतीच्या. पुढच्या ब्रेकला परत लागली तेव्हा तिघं टक लावून बसलो.

सिमेंटची होती.

मग मला चेव आला. काल लाइटबिलाच्या मागे पेन्सिलनं लिहीत बसलो. एका ब्रेकमध्ये २३ जाहिराती (चॅनेलच्या स्वतःच्या मालिकांच्या सोडून). ब्रेक संपल्यावर दहा मिनिटांनी आईची परीक्षा घेतली. तिला ४ आठवल्या, त्यातल्या दोघींचाच माल सांगता आला. तिचं वय ७१, म्हणून मी म्हणलं विसरत असेल, तर तिला जुन्या जाहिराती विचारल्या. बाई सुटली! निरमा, ललिताजी, लिज्जतचा ससा, विको, लूना, चालीसकट, हातवाऱ्यांसकट. म्हणजे दोष आईच्या डोक्यात नाही.

माझं म्हणणं एवढंच की आजकाल गोष्ट वेगळी बनवतात आणि माल वेगळा, आणि पाकिटावर तिकीट डकवावं तसा शेवटच्या तीन सेकंदात डकवतात. ती सिमेंटची गोष्ट उचलून चहाला लावा, चष्म्याला लावा, काही बिघडत नाही. उलट फेव्हिकॉलची ती जैसलमेरची बस आठवा, टपावर, मागे, बाजूला माणसं लटकलीयत, खड्ड्यातनं चाललीय आणि कोणी पडत नाही. त्यातनं फेव्हिकॉल काढला तर जाहिरातच राहत नाही, नुसती आपली स्वारगेटहून सुटलेली एसटी राहते.

तर तुम्हाला अलीकडची कुठली आवडली, कुठली डोक्यात गेली, टाका इथे. नुसतं 'भारी' किंवा 'फालतू' नको, का ते लिहा.

शनिपारची_सून

सिमेंट!!! चहा सांडला कीबोर्डवर.

मला क्रेडची द्रविडवाली आवडते. २०२१ ची आहे, फार अलीकडची नाही, चालवून घ्या. ट्रॅफिकमध्ये अडकलेला आपला राहुल द्रविड बॅटीनं शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि गाडीच्या टपातनं बाहेर येऊन मी इंदिरानगरचा गुंडा म्हणून ओरडतो. अख्खा जन्म ज्या माणसानं आवाज चढवला नाही त्याला ओरडायला लावलंय यातच सगळी गंमत. दुसरा कुठलाही हिरो घातला असता तर पाच पैशाची मजा आली नसती. म्हणजे सेलिब्रिटी घेतलाय पण डोकं वापरून घेतलाय.

पर्वती_पायथा

@शनिपारची_सून ताई, जाहिरात भारीच, पण माझ्या वडिलांना चार वर्षं झाली तरी क्रेड म्हणजे काय करतात ते कळलेलं नाही. त्यांना वाटतं चिडलेल्या माणसांसाठी काहीतरी औषध आहे. मग धागाकर्त्याच्या नियमानं ही नापास ना?

शनिपारची_सून

नाव लक्षात राहिलं ना पण? तुमच्या वडिलांनी नाव सांगितलं की नाही बरोब्बर? शिवाय ती क्रेडिट कार्डवाल्यांसाठी आहे, त्यांना कळलं की पुरे.

ओंकारेश्वर_घाट

हं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. अर्धा मार्क.

चेतक_८९

वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडून लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

माझे वडील आकुर्डीला बजाजच्या प्लांटमध्ये होते, असेंब्लीला. 'हमारा बजाज' १९८९ ला आली. तेव्हा चिंचवडला आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि रामायण संपून महाभारत चालू होतं, रविवारी सकाळी निम्मी गल्ली आमच्या खोलीत. जाहिरात लागली की सगळे वळून वडिलांकडे बघायचे, जणू काही ती यांनीच काढलीय. वडील उगाच पेपर वाचल्यासारखं करायचे. त्या जाहिरातीत स्कूटर किती पळते, ॲव्हरेज किती देते, यातलं एक अक्षर नाही, नुसती वेगवेगळ्या घरातली माणसं आणि त्यांची स्कूटर. पण ती माणसं खरी वाटायची, कारण स्कूटर पुसणारा माणूस प्रत्येक गल्लीत सकाळी दिसायचाच, जुनं बनियन घेऊन. तोपर्यंत जपानी तंत्रज्ञानाच्या मोटरसायकली बाजारात आलेल्या होत्या, तरुण पोरं तिकडं वळत होती, त्यामुळे बजाजला आपण घरचेच आहोत हे सांगायची गरज पण होती.

आता चेतक इलेक्ट्रिक होऊन २०२० ला परत आली. चांगली आहे, माझ्या मुलीकडे आहे. पण तिची जाहिरात कशी होती विचाराल तर मला सांगता येणार नाही.

बाकरवडी_संपली

@चेतक_८९ काका, जबरी. अजून लिहा.

आणि या धाग्यावर पुण्यानं कॉलर ताठ करायला हरकत नाही. लूना ही मोपेड आपल्या फिरोदियांची, १९७२ सालची, आणि तिचं ते 'चल मेरी लूना' लिहिलं पियूष पांडेंनी, ज्यांनी पुढे फेव्हिकॉल, कॅडबरी सगळं गाजवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर जुन्या जाहिराती फिरत होत्या आणि गंमत म्हणजे २५ वर्षांची पोरं पण त्या ओळखत होती. आणि अंडी! संडे असो वा मंडे, ती अंड्यांची जाहिरात करणारी नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, १९८२ ला सुरू झालेली, तिचं मुख्य ऑफिस पुण्यातच. त्या जाहिरातीची खरी कमाल ही की ब्रँडच नाही. अंडं कुठल्या कोंबडीचं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, सगळ्याच पोल्ट्रीवाल्यांचं विकलं गेलं. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात अंड्याला प्रवेश नव्हता पण भाजी निवडताना ती गुणगुणायची तेच.

सपे_३०

रच्याकने (बाय द वे), लिज्जतचा तो ससा म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला. अर्धवटरावांचा धाकटा भाऊ म्हणा. पापड खाऊन हसणारा ससा, बास, एवढीच जाहिरात, आणि तरी तो ससा बघून पापड भाजायची इच्छा व्हायची.

माझी तक्रार वेगळी आहे. मराठी चॅनेलवरच्या जाहिरातींची भाषा. कान किटले. 'माझी मदत करा.' अहो 'मला मदत करा'! 'स्वतःची काळजी ठेवा.' काळजी काय फडताळात ठेवायचीय? घ्या ना, काळजी घ्या. 'पेश आहे नवीन अमुक.' 'दुकानात भेटेल.' दुकानात वस्तू मिळते, भेटते ती माणसं. एवढ्या कोट्यवधी रुपयांच्या जाहिराती करता आणि एक मराठी येणारा माणूस ठेवायला होत नाही? दर ब्रेकला मी टीव्हीशी भांडतो आणि बायको माझ्याशी.

भोसरी_एक्सप्रेस

आलं का 'भेटलं-मिळालं' 😂 वाटच बघत होतो. काका, आमच्याकडे सगळ्यांना सगळं भेटतं. दूध भेटतं, नोकरी भेटते, पगार तेवढा वेळेवर भेटत नाही. अर्धा महाराष्ट्र असंच बोलतो, मग जाहिरात फक्त पुणे तीसच्या सदाशिव पेठेसाठी करायची का?

सपे_३०

तुमच्या बोलीबद्दल आक्षेप नाही हो. जाहिरातीत भोसरीचा माणूस भोसरीचं बोलला तर मी टाळ्या वाजवीन. पण तिथे बाई दाखवतात शिफॉनची साडी, पांढराशुभ्र किचन, गाव कुठलं ते कळत नाही, आणि बोलते हिंदीच्या पोटातलं मराठी. ती ना तुमची ना माझी.

भोसरी_एक्सप्रेस

हे मात्र पटलं. ते किचन बघून आमची आई विचारते, फोडणी कुठं घालतात हे लोक.

डबिंगवाली

इतके दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावंच लागतंय कारण वरच्या शिव्या थेट मलाच आहेत. मी हेच काम करते. जाहिरातींचं मराठी लिहिणं आणि कधीकधी आवाज देणं.

तर ऐका कसं होतं ते. फिल्म आधी हिंदीत बनते, शूट होऊन एडिट होऊन पक्की झालेली असते. मग एके दिवशी सकाळी अकराला मेल येतो, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, सगळं संध्याकाळपर्यंत हवं. २० सेकंदांची फिल्म, त्यातलं बाईचं बोलणं ७ सेकंद. आता हिंदीतलं 'है' एका झटक्यात संपतं, आपलं 'आहे' दोन अक्षरांचं. दहा वाक्यांत दहा वेळा ती जागा कुठून आणायची? म्हणून क्रियापदं खातो आम्ही, म्हणून ते तुटक वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे ओठ. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात आणि क्लोजअपमध्ये ते स्पष्ट दिसतं. हिंदीत पोरगं पळत येऊन 'माँ!' किंवा 'मम्मी!' म्हणतं. आता तुम्ही आरशासमोर उभं राहून 'आई' म्हणून बघा. ओठ मिटतच नाहीत. म्हणजे मी 'आई' लिहिलं की पडद्यावर पोराचे ओठ मिटणार आणि आवाज येणार उघड्या तोंडाचा, लगेच 'लिप बसत नाही' म्हणून परत येतं. म्हणून मराठी जाहिरातीतली सगळी पोरं मम्मी म्हणतात. मी एकदा दोन तास भांडले होते एका 'आई'साठी. हरले.

आणि शेवटी मंजुरी देणारा माणूस मराठी वाचतच नाही. त्याला माझ्या ओळीचं परत इंग्रजी करून पाठवायचं, मग तो म्हणतो की मूळात 'खयाल रखना' होतं, इथे 'घ्या' कुठून आलं, 'रखना'चं 'ठेवा' करा. सपे काका, तुमची फडताळातली काळजी तिथून येते.

सपे_३०

ताई, शिव्या मागे घेतो. तो ओठांचा प्रकार आत्ता आरशासमोर करून पाहिला. बायको विचारतेय काय चाललंय.

नळस्टॉपचा_नळ

आम्ही पण तिघंजण ऑफिसात एकमेकांकडे बघून आई-मम्मी आई-मम्मी करतोय 🤣

ओंकारेश्वर_घाट

@डबिंगवाली धाग्याचं सोनं केलंत. म्हणजे ज्या जाहिरातीत कोणी बोलतच नाही ती मराठीत सगळ्यात चांगली? फेव्हिकॉलची बस. आणि २००९ च्या आयपीएलमधले ते वोडाफोनचे झूझू, त्यांची कुठलीच भाषा नव्हती. आईला अजून वाटतं ती कार्टून होती, प्रत्यक्षात पांढऱ्या कपड्यांत कोंबलेली माणसं होती, दक्षिण आफ्रिकेत शूट केलेली.

डबिंगवाली

अगदी. आमची पोटं जातील पण खरं तेच आहे 🙂

आणि भाषेवरूनच आठवलं, २०२५ ची कॅडबरीची बघितली का? सोसायटीतल्या बायका हिंदीत गप्पा मारतायत, त्यात चेन्नईहून आलेली नवी शेजारीण, तिला हिंदी जेमतेम. मग त्यातली एक बाई तिच्यासाठी मोडक्यातोडक्या इंग्रजीत किस्सा सांगायला लागते. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की इंग्रजी चुकतंय याची बाईला लाज नाही. लिहिणाऱ्यानं सोसायटीत राहून लिहिलंय हे दिसतं.

पर्वती_पायथा

गोड आहे, पण पुण्यात उलटं होतं. चारजणी मराठीत बोलत असतात, पाचवी येते, आणि चौघी लगेच हिंदीत. पाचवीला सहा वर्षांनी कळतं की आपल्या बिल्डिंगमध्ये सगळे मराठी आहेत.

शनिपारची_सून

आईग्गं. पाचवी आमच्या शेजारची आहे.

कॅडबरीवरून अजून एक. १९९४ ची ती सिक्सर लागल्यावर मैदानात नाचत शिरणारी मुलगी सगळ्यांना आठवत असेल. २०२१ ला त्यांनी तीच उलटी केली, खेळणारी मुलगी आणि नाचत येणारा मुलगा. जुनी गोष्ट पुन्हा करायची तर अशी, जागा फक्त बदलली आणि मधली २७ वर्षं दिसली. डिटर्जंटवाल्यांनी शिकावं काहीतरी, तिथे अजून बाई शर्टावरचा डाग बघून भूत बघितल्यासारखी किंचाळते.

गृहखाते_अर्थमंत्री

डिटर्जंटचं नाव काढलंत म्हणून. ललिताजी बघा परत, कविता चौधरींनी केलेली. डाग बघून ती किंचाळत नाही. ती भाजीवाल्याशी हिशोब करते आणि स्वस्त आणि चांगलं यातला फरक समोरच्याला सुनावते. निरमा स्वस्त होती आणि सर्फला महाग का ते सांगायचं होतं, ते सांगायला त्यांना एक खमकी बाई सापडली. माझी सासू थेट तशी, मी १५ वर्षं त्या जाहिरातीतच राहते.

एरियलची 'शेअर द लोड' २०१५ ला आली तेव्हा कौतुक झालं, मलाही आवडली होती. पण नंतर अशा सगळ्याच जाहिराती बघून एक खटकायला लागलं, नवऱ्यानं मशीनचं बटण दाबलं की मागे व्हायोलिन. मी रोज दाबते, माझ्यामागे कुकरची शिट्टी असते.

भोसरी_एक्सप्रेस

काकू 🙏 हे स्टेटसला ठेवतोय.

केशर_किती_तोळे

सगळे गोडगोड बोलताय, मी जरा कडू बोलतो. वेलचीवाले.

महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. टीव्हीवर मात्र गुटख्याचंच नाव, तीच पाकिटाची रंगसंगती, आणि तीन तीन सुपरस्टार वेलची खातायत. वेलची! आपल्याकडे वेलची कोण खातं असं कारमधनं उतरून, सूट घालून, स्लो मोशनमध्ये? मंडईत जाऊन विचारा, वेलचीसाठी कोणी हिरो ठेवलाय का. २०२२ ला अक्षय कुमारनं लोकांनी झोडपल्यावर माफी मागितली आणि बाहेर पडला, बाकीचे आहेत तिथे आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियम काढले, अशा आडून केलेल्या जाहिराती चालणार नाहीत म्हणून. २०२५ ला जयपूरच्या ग्राहक आयोगानं शाहरुख, अजय देवगण आणि टायगर श्रॉफला नोटीस काढली, कारण दाण्यादाण्यात केशर म्हणता आणि पाकीट पाच रुपयाला, केशराचा भाव तर किलोला लाखांत. तक्रार करणाऱ्याचा हिशोब मला फार आवडला, ललिताजीच शोभतो.

पण जाहिरात म्हणून बघितलं तर मान्य करावं लागेल, तुमच्या आईंना विचारा, ही नक्की आठवत असणार. जे विकायला बंदी आहे त्याचं नाव लक्षात ठेवायला लावणं, एवढंच काम आणि ते चोख करतात.

ओंकारेश्वर_घाट

खरंय. त्या ४ मध्ये ती होती.

पर्वती_पायथा

तशाच त्या पैसे लावून टीम बनवायच्या. २०२५ च्या आयपीएलमध्ये आमिर आणि रणबीर भांडत होते ती ड्रीम इलेव्हनची, जाहिरात म्हणून चांगली लिहिलेली होती, मी स्वतः हसलोय. शेवटी मात्र त्या सूचना, आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते वगैरे. २०२० पासून ॲस्कीचा, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन मंडळाचा नियम होता की हे नेहमीच्या बोलण्याच्या वेगात म्हणायचं. कुणाच्या नेहमीच्या? बैलगाडा शर्यतीचं समालोचन करणाऱ्याच्या? मग ऑगस्ट २०२५ ला कायदाच आला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद, आणि एका आठवड्यात सगळ्या जाहिराती गायब. टीम इंडियाच्या शर्टावरचं नाव पण गेलं. माझ्या मेव्हण्यानं त्यात किती घालवले ते इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

आवाजवाला

जाहिरात लागली की आवाज अचानक मोठा का होतो यावर कोणी बोललं नाही अजून? मी साऊंडचं काम करतो म्हणून थोडक्यात. आवाजाच्या शिखराला मर्यादा असते आणि ती जाहिरातवाला मोडत नाही. तो काय करतो, हळू आवाज उचलून शिखराजवळ आणून ठेवतो. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मग एखादी थप्पड. जाहिरातीत पहिल्या सेकंदापासून सगळंच थप्पड. मीटरवर शिखर सारखंच, कानाला दुप्पट. केबल टीव्हीच्या नियमांत जाहिरातीचा आवाज आणि चित्र अति भडक नको असं लिहिलेलं आहे, पण अति म्हणजे किती ते कोण ठरवणार.

आणि त्याच नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती हे पण आहे, १० धंद्याच्या आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या. चॅनेलवाले त्यावर २०१३ पासून कोर्टात आहेत. धागाकर्ते, तुमच्या लाइटबिलावर मिनिटं मोजली होती का?

ओंकारेश्वर_घाट

मोजायला घेतली होती. मध्ये झोप लागली.

सपे_३०

दातांचे डॉक्टर राहिले. ते परदेशी डेंटिस्ट येऊन सांगायचे ना, अमुक पेस्ट वापरा, खाली नाव आणि लंडन. मला वाटायचं आपल्या टिळक रोडवर डॉक्टर संपले की काय. तर भानगड अशी की भारतातल्या डेंटिस्टला असं जाहिरातीत मालाची शिफारस करायला बंदी, म्हणून तिकडचे आणले. २०२२ ला त्या प्राधिकरणानं सेन्सोडाइनच्या तशा जाहिराती थांबवायला लावल्या आणि दहा लाख दंड केला. आता पांढरा कोट घातलेली मॉडेल नुसती हसते.

डबिंगवाली

त्या लंडनवाल्यांचं मराठी मीच केलंय काका, आमच्यातल्या आमच्यात सांगते 😬 ओठ कुठेच बसत नव्हते.

आणि अजून एक मुद्दा, गोष्टीच्या जाहिराती खराब का वाटतात याचं अर्धं कारण कात्री. एजन्सी ६० सेकंदांची सुंदर बनवते. टीव्हीवर वेळ १० सेकंदांच्या हिशोबानं विकला जातो. म्हणून आठवडाभर मोठी चालते, मग ३०, मग २०, मग १०. तुमच्या सिमेंटच्या फिल्ममध्ये मोठ्या एडिटला बहुतेक ते आजोबा मित्राबरोबर बांधलेलं जुनं घर दाखवतात, भिंत दाखवतात. छोट्यात भिंत उडाली, रडणं राहिलं.

ओंकारेश्वर_घाट

अहो!! शोधून बघितली आत्ता यूट्यूबवर. सेम तसंच आहे. दीड मिनिटाची आहे आणि त्यात भिंतीवर दोघांनी लहानपणी नावं कोरलीयत. मोठी खरंच चांगली आहे की हो.

म्हणजे माझं सुरुवातीचं म्हणणं निम्मं चुकलं. गोष्ट आणि माल जोडलेले होते, कापणाऱ्यानं सांध्यावरच कापलं.

बाकरवडी_संपली

लोकल केबलवरच्या पट्टीबद्दल कोणी बोलणार की नाही? सिनेमा चालू असताना खालून सरकणारी. मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज, मग दहावीचे क्लासेस, मग हिंजवडीपासून फक्त १० मिनिटांत टू बीएचके. कोण जातं १० मिनिटांत, पहाटे तीनला का? शुद्धलेखनाची बोंब, रंग भडक, अर्धी अक्षरं हीरोच्या हनुवटीवर. जाहिरातकलेतला तळ म्हणजे ती पट्टी.

सपे_३०

+१. 'साड्यां चा भव्य सेल'. साड्या वेगळ्या, चा वेगळा.

नळस्टॉपचा_नळ

आमच्याकडे पण घेतली परीक्षा. मुलगी ९ वर्षांची, तिला १९ आठवल्या, पण सगळ्या वस्तू आपल्याकडे का नाहीत असं विचारून पाऊण तास रडली. कृपया लहान मुलांवर प्रयोग करू नये.

ओंकारेश्वर_घाट

अपडेट. काल परत परीक्षा. आईला आधीच सांगून ठेवलं होतं, नीट बघ, ब्रेकनंतर विचारणार आहे. चष्मा पुसून बसली. बिग बजेटवाल्या सगळ्या समोरून गेल्या, हिरो नाचले, एक आजी धावल्या, एक गाडी डोंगर चढली. विचारलं, कुठली आठवतेय?

म्हणाली, म्हात्रे पुलाजवळ कार्यालयात साड्यांचा सेल आहे, रविवारपर्यंत, सकाळी दहा ते रात्री नऊ, ग्राउंड फ्लोअर, पैठणी आणि इरकल, एकावर एक नाही पण पंचवीस टक्के.

पट्टी. खालची पट्टी वाचत होती ती सगळा वेळ. फोन नंबरसकट पाठ.

रविवारी घेऊन जायचंय. डीपी रोडला चारचाकी लावायला कुठे जागा मिळेल?

भोसरी_एक्सप्रेस

भेटणार नाही.